पांढऱ्या मिशीला चौकशी नाही

नाही काकू, चिठ्ठी पुन्हा पुढे करू नका, वाचली मी — डॉक्टरांचं अक्षर एरवी कोंबडीचे पाय, ह्यांनी मात्र बाळाचे ठोके थांबलेत असं ठळक लिहिलंय, खाली रेघही मारलीय. कळतंय मला. तुमच्या लेकीला काही पाडायचं नाहीये, गेलेलंच बाहेर काढायचंय. पण औषध तेच ना! गर्भपातबंदीचा नवा कायदा आला तेव्हापासून लिहिणारा मोकळा आणि देणारा हात अडकतो. माझ्या आधी या काउंटरवर एक होती, हसरी, येईल त्याला ‘सोन्या’ म्हणायची — तिने दिलं अशीच चिठ्ठी बघून. अजून कोर्टाच्या तारखांना जाते, ठरलेलं लग्नही मोडलं. म्हणून आम्ही ते ठेवतच नाही. शप्पथ. काल त्या आजोबांना दिलं, त्यानंतर —

कोण आलं? — दार वाजलं नुसतं. वारा.

हो, आजोबांना. पोटात अल्सर आहे त्यांच्या, त्यालाही हेच देतात. त्यांना काय विचारायचं? शेठ म्हणतात, पांढऱ्या मिशीला चौकशी नाही. बाईमाणूस आलं की मात्र ठेवतच नाही म्हणायचं. रोज म्हणते मी, आता जिभेला वळणच पडलंय — असं बघू नका ना माझ्याकडे. शेठ चहाला गेलेत, आणि त्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याला ऐकू येतं की नुसतं दिसतं, मला कुणी सांगितलेलं नाही.

ताप आहे तिला? मग इथे काय उभ्या राहिलात, मोठ्या हॉस्पिटलात न्या! — तिथूनच परत पाठवलं? जिवावर बेतल्याशिवाय हात लावता येत नाही म्हणाले? म्हणजे ताप अजून चढायची वाट बघायची, होय ना? कुणी बघायची — तुम्ही?

काकू, घरात कुणी वडीलधारं पुरुषमाणूस आहे का? काका? — अरेरे. मग दीर, व्याही, शेजारचं कुणी पिकल्या केसांचं? नाही, मी काही सुचवत नाहीये. सहज विचारलं. आणि दुपारी शेठ जेवायला घरी जातात, तेव्हा मी एकटीच असते, हेही सहज — पण चिठ्ठी दुसऱ्या नावाची लागेल, ती डॉक्टर देतील की — नाही. मी काही बोलले नाही. तुम्ही ऐकलं नाहीत.

आलात शेठ? — काही नाही हो, ह्यांना शेकायची पिशवी हवी होती. आपल्याकडे नाही म्हटलं. — या काकू तुम्ही.