शेवटच्या दिवशीचे आभार

ड्यूटी संपवून बसच्या रांगेत उभ्या राहिलेल्या नर्सचे डोळे मिटत होते, पण पुढच्या दोघींच्या बोलण्याने तिचे कान टवकारले. दोघी विधानसभेतल्या लघुलेखिका, सभागृहातलं बोलणं शब्दशः टिपून घेणाऱ्या. अधिवेशन आज संपलं होतं, आणि थोरलीची नोकरीही.

"ताई, अध्यक्षांनी सगळ्यांचे आभार मानले म्हणे?"

"अगदी माळ्यापर्यंत."

"तुमचं नाव घेतलं?"

"आठवेना त्यांना. म्हणाले, 'आणि त्या... खाली मान घालून खरडत असतात, त्या बाई.' सगळं सभागृह हसलं."

"अगं बाई! मग नाव तुम्हीच घालायचंत ना. लिहिणाऱ्या तुम्हीच!"

"जन्मात कधी पदरचा शब्द घातला नाही गं. आज घालू?"

"मग काय लिहिलंत?"

"ते बोलले तेच. आणि पुढे कंसात, हशा."