दार ओढण्याआधी

डोळ्यांच्या दवाखान्यात मी थेंब घालून, डोळे मिटून बसलो होतो. मागच्या बाकावर एक म्हातारे वडील आणि त्यांची मुलगी बोलत होती.

"बाबा, समोरच्या स्क्रीनवर पेशंटचे नंबर येतात ना, ते सगळं मीच बनवलंय."

"छान आहे गं. पण मी वाचेपर्यंत नंबर गायब होतो."

"आधी तो हळूच सरकत जायचा. यादीतून काढला तरी क्षणभर स्क्रीनवर धरून ठेवायचा आणि मग सोडायचा, असं केलं होतं मी. साहेब म्हणाले, उगाच वेळ खातंय, काढून टाक."

"आणि तू काढलंस."

"काढलं."

"मी तीस वर्षं लिफ्ट चालवली. उतरलेला माणूस चार पावलं जाईपर्यंत दार ओढायचो नाही. मुकादम रोज ओरडायचा."

"मग?"

"ओरडायचा बिचारा. तुझी आई तिसऱ्या मजल्यावर टायपिस्ट होती. उतरायची, चालायला लागायची आणि चौथ्या पावलाला मागे वळून बघायची. दार आधीच ओढलं असतं, तर मला कधी कळलंच नसतं."

मागे लॅपटॉप उघडल्याचा आवाज आला. मग बटणं वाजू लागली.

"आता काय करतेस?"

"ते क्षणभर थांबणं परत घालतेय."

"आणि साहेब?"

"ओरडू देत."