आजींची कोमट बाटली

‘शुद्ध पाणी, प्रत्येकाचा हक्क’ असे रंगवलेली पाणीतपासणीची खिडकी साडेअकराला उघडली. रांगेत उभ्या मास्तरांना पुढच्या आजींचे आणि कारकुनाचे बोलणे ऐकावे लागले.

“आजी, बाटली कोमट कशी?”

“पाणी उकळून आणलंय, साहेब. तुम्हाला बाधू नये.”

“अहो, उकळलेलं तपासून काय सापडणार? ‘पाणी निर्दोष’ असाच शिक्का बसेल.”

“तो नको. आमचे हे गावच्या विहिरीच्या या पाण्यानंच गेले. गाव म्हणतं, म्हातारा वयानं गेला, विहिरीला नावं ठेवू नकोस.”

“मग विहिरीचं आहे तसंच आणा. पुढच्या सोमवारी.”

“आणते.”

“आणि तोवर घरी उकळूनच प्या.”

“एकटीसाठी कोण उकळत बसतं, साहेब?”