नाकावरची पोवळी

बोटीच्या रांगेत शिंपीण उभी होती. पुढे एक म्हातारी पाणबुड्याशी बोलत होती, आणि शिंपिणीचं सगळं लक्ष तिकडेच.

“खाली जातोयस, तर आमच्या ह्यांच्या पुतळ्याचा चेहरा घासून ये. ब्रश आणलाय.”

“मावशी, त्यावर पोवळी धरलीत. घासली तर मरतील. ती धरावीत म्हणूनच तर पुतळे समुद्रात बुडवले.”

“नाक तरी मोकळं कर. तू काढून आणशील त्या फोटोत ओळखू कशी मी त्यांना?”

“नाकावरच दाट आहेत.”

“जिवंतपणी नाकावर माशी बसू दिली नाही या माणसानं.”

“आता कानात मासा राहतो. अंडीसुद्धा घातलीत.”

“कुठल्या कानात?”

“डाव्या.”

शिंपीण पुढे सरकायची विसरली.

“मग राहू दे, घासू नकोस. त्या कानानं त्यांना जिवंतपणीही ऐकू यायचं नाही. पिल्लांनी कितीही दंगा केला तरी हाकलणार नाहीत.”