मोजल्याशिवाय ओके नाही

नाही, एकोणीसशे सत्त्याहत्तर साली, मे महिन्याच्या ऐन उन्हाळ्यात, पत्र्याखाली लेथवर उभा राहून माणूस अर्धा वितळायचा तेव्हा हा शब्द असा फुकट मिळत नव्हता! आता काय, तुम्हाला सांगतो, सकाळपासून घरात ओकेचा सडा. मुलगा विचारतो, बाबा गोळी घेतली का, ओके, आणि गेला अंघोळीला. अरे, मी अजून तोंड उघडलेलं नाही, तू ओके कोणाला म्हणालास? सूनबाईंचं ओके वेगळं. आखूड असलं तर हो, आणि लांबवलं... ओऽऽके... तर समजायचं की नाही, आणि पुन्हा विचारायचंही नाही. नात तर त्यातला ओसुद्धा खाते, फोनवर नुसतं के पाठवते. दोन अक्षरांचा शब्द, त्यातलं एक वाचवून ही पोरगी कुठे बंगला बांधणार आहे? नळवाला येतो, पाना पिशवीत टाकतो, ओके आहे काका म्हणतो, आणि त्याच्या पाठीमागे नळ टपटप, टपटप. डॉक्टर त्याचाच भाऊ. माझ्याकडे न बघता म्हणतो, आजोबा, सगळं ओके. मी विचारलं, मोजलं का? हसला. मग पट्टा बांधून बीपी मोजलं. एकशे ऐंशी. मग नाही हसला.

मोजलं का, हा प्रश्न माझा नाही. तो काट्याचा.

काटा म्हणजे आमच्या पंपाच्या कारखान्यातला इन्स्पेक्टर. हाडकुळा, सरळ, आणि तोंड उघडलं की टोचणारा, म्हणून काटा. मी टर्नर, नंबर चौदा. शाळा चौथीपर्यंत. पंपाचे शाफ्ट करायचो, म्हणजे पोलादाचे दांडे, लेथवर फिरवून गोल आणि गुळगुळीत. प्रत्येक दांड्यावर ज्याने केला त्याचा नंबर ठोकलेला. मग तो काट्यापुढे जायचा. काटा मायक्रोमीटर लावणार, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, एकदा मध्ये, पुन्हा पुसून पुन्हा लावणार, आणि मग खडूने लिहिणार, ओके. खाली स्वतःची सही. तुम्हाला सांगतो, ती दोन वाकडी विलायती अक्षरं दांड्यावर उमटली की पगार झाल्यासारखं वाटायचं. केवढा शब्द! याच्यापुढे कुणी काही विचारायचं नाही, जे होईल ते माझ्या माथी, एवढं सगळं दोन अक्षरांत. आपल्याकडे एवढ्यासाठी मोठी शपथ घ्यावी लागते.

तर तो मे महिना. चाळीस दांड्यांची ऑर्डर, ट्रक दारात, एकोणचाळीस ओके. चाळिसावा काट्याने लावला, पुसला, लावला, आणि बाजूला ठेवला. केसाच्या जाडीचा चौथा हिस्सा कमी. केसाचा! मॅनेजर धावत आला, त्याची आरडाओरड सुरू, कोण बघतंय, लिहून टाक ओके. काट्याने खडू त्याच्यापुढे धरला. म्हणाला, "साहेब, तुम्ही लिहा आणि सही करा. मी मोजलंय, मला लिहिता येत नाही." मॅनेजरने खडूकडे असं पाहिलं, जसं काही विंचू धरलाय. घेतला नाही.

आणि मी? मी काट्याला सगळ्यांदेखत जे बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. वीस वर्षं लेथवर, आणि माझा दांडा बाजूला! पण दुसरा करायला घेतला. पाळी सुटली, लोक गेले, काटा गेला नाही. स्टूल ओढून लेथशेजारी बसला, स्वतःचा डबा माझ्याकडे सरकवला, आणि दांडा झाल्यावर म्हणाला, चौदा, मोजलं का? मी म्हटलं, तू मोज. त्याने मोजलं. ओके.

चार महिन्यांनी शेजारच्या खात्यातला एक दांडा, न मोजता ओके केलेला, चालत्या पंपात तुटला. वर नंबर होता नऊ. नऊ नंबर घरी बसला, तीन लेकरांसकट. त्या जागी चौदा असता. हे मला कळत होतं, काट्याला कळत होतं. पण बोलायची पद्धत आमच्यात नव्हती. शिव्या मोठ्याने दिल्या होत्या, त्याचं देणं तसंच राहिलं. सेहेचाळीस वर्षं.

गेल्या महिन्यात सोमवारी त्याच्या मुलीचा फोन. काका, बाबांचं गुरुवारी हृदयाचं ऑपरेशन आहे, तुम्हाला बोलावलंय, काहीतरी दाखवायचंय. गेलो. तिसरा मजला, गुडघा माझा असा. काटा खिडकीपाशी, अजून सरळ, फक्त हात थरथरणारे. आणि पुढ्यात स्टूल. लाकडाचं, चार पायांचं. मुलगी बुटकी, वरच्या फळीवरचे डबे काढायला खुर्चीवर चढते, म्हणून तिच्यासाठी तीन महिने खपून केलेलं. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलं होतं, स्टूल करू नका असं कुठे म्हटलं, हा त्याचा मुद्दा. मला म्हणाला, "जन्मभर दुसऱ्याचं तपासलं. माझं कुणी तपासलं नाही. बघ."

मी स्टुलावर हात टेकला. टक. दुसरीकडे टेकला. टक. मुलगी त्याच्या पाठीमागून मान हलवतेय, डोळे मोठे करतेय, म्हणा, म्हणा. मी म्हटलं, रिजेक्ट.

ती भिंतीला टेकली. आणि काटा? तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या तोंडावर रंग आला. पुढे वाकला आणि म्हणाला, "मोजलं का?"

नव्हतं मोजलं! कानाने ऐकून रिजेक्ट! ऐंशीच्या घरात आलेला मी, शाळेतल्यासारखा खाली मान घालून पट्टी मागितली. मागचा डावा पाय दीड मिलिमीटर आखूड. ठीक, म्हणाला, बाकीचे तीन घासतो.

मंगळवारी गेलो, एक पाय जास्त घासलेला. टक. बुधवारी गेलो, दुसरा. टक. मी म्हटलं, काट्या, असंच चाललं तर स्टुलाची फळी होईल. तो खदखदून हसला, मग खोकला, मग मुलीने पाणी दिलं. मी निघालो तर ती जिन्यात आली. म्हणाली, "काका, उद्या ते ऑपरेशनच्या टेबलावर जाणार. एक शब्द मागतायत तुमच्याकडे. खोटा का होईना."

मी म्हटलं, बाई, त्यावर तू उभी राहणार आहेस. आणि खोटं ओके त्याला नाही कळणार, तर कोणाला कळणार? ती वर गेली, दार जरा जोरात लागलं. रात्रभर मला ते दार ऐकू येत होतं. म्हटलं, चौदा, उद्या टक वाजलं तर? तर काय. रिजेक्ट. दुसरा शब्दच नव्हता माझ्याकडे.

गुरुवारी सकाळी सातला पोचलो. खाली गाडी उभी, दारात पिशवी भरलेली, काटा बूट घालून बसलेला, बोटांना लाकडाचा भुसा. स्टूल मधोमध. मी पट्टी काढली. चारही पाय मोजले. पुसून पुन्हा मोजले. फरशीवर ठेवलं, या कोपऱ्यावर हात दाबला, त्या कोपऱ्यावर दाबला. आवाज नाही. मग बूट काढले आणि गुडघ्याला शिव्या घालत वर उभा राहिलो. मुलगी धरायला धावली, मी म्हटलं, लांब हो. उभा राहिलो. इकडे वजन टाकलं, तिकडे टाकलं. स्टूल जागचं हललं नाही.

उतरलो. उलटं केलं. खिशातून खडू काढला, सोमवारपासून खिशातच होता, आणि बैठकीखाली लिहिलं, ओके. खाली चौदा.

काट्याने चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"मोजलं का?"

"दोनदा."

मान हलवली. मग म्हणाला, अक्षर वाकडं आहे.

पुसलं. पुन्हा लिहिलं. फिटलं.