इस्त्रीचं मला माहीत नाही

नवरा: इस्त्री बंद केली ना?

बायको: माहीत नाही.

नवरा: अगं, तू तिथेच तर उभी होतीस!

बायको: होते. पण वर्तनोपचारवाल्या बाईंनी काय सांगितलंय? तू विचारलंस की मी "हो" म्हणायचं नाही. तुझ्यासमोरच सांगितलं.

नवरा: आज एक दिवस म्हण. चार महिन्यांनी मेडिकलमध्ये पाऊल ठेवतोय. मालक दारातच उभे असतील.

बायको: म्हणूनच नाही म्हणणार. एकेक पुडीतल्या गोळ्या सात-सात वेळा मोजायला लागलास, गिऱ्हाइकांची रांग रस्त्यावर गेली, तेव्हाच त्यांनी हात जोडले ना? आज परत तेच झालं तर दुसरा माणूस ठेवणार आहेत ते.

नवरा: बरं, नुसती मान हलव.

बायको: मोठा शहाणा! मानही नाही.

नवरा: त्यापेक्षा ते रबरबँडवाले डॉक्टर बरे. शंका आली की मनगटावर एक फटका. विषय संपला.

बायको: कुठला संपला? तू फटकेच मोजायला लागलास. विषम झाले की वर आणखी एक! मनगटाचं पार वांगं झालं होतं.

नवरा: मग ते वहीवाले तरी...

बायको: वहीत शंका लिहून मोकळं व्हायचं होतं. तू लिहिलेलं बरोबर आहे का ते तपासत बसलास. आणि ते तपासल्याची नोंद करायला दुसरी वही आणलीस. मी कपाळावर हात मारला.

नवरा: ती दुसरी छान होती. जाड पुठ्ठ्याची.

बायको: चल, जिना उतर आता.

नवरा: छातीत धडधडतंय गं.

बायको: धडधडू दे. बाई म्हणाल्यात, वाढतं वाढतं आणि मग आपलं आपणच उतरतं. स्टॉपपर्यंत मी आहे.

नवरा: तुझं काय जातंय "माहीत नाही" म्हणायला?

बायको: माझंच जातंय. तुझं तोंड असं उतरलं की जीव तुटतो माझा. अकरा वर्षं "हो" म्हटलं की तू निवांत व्हायचास. मला वाटायचं, चला, एवढं तरी आपल्या हातात आहे.

नवरा: होतंच की. स्वतःच्या डोळ्यांवर माझा कधी भरवसा नव्हता, तुझ्यावर होता. तू बघितलंय म्हटल्यावर मी बिनधास्त निघायचो.

बायको: बघितल्याचं नको बोलूस.

नवरा: का?

बायको: मी कधी बघितलंच नाही.

नवरा: काय?

बायको: इस्त्री, गॅस, कडी, काहीच नाही. हातातलं काम चालू असायचं, तोंडाने "हो" म्हणायचे.

नवरा: एकदाही नाही?

बायको: एकदाही नाही. रागावलास?

(बस येऊन थांबते.)

नवरा: घर तर उभं आहे.

बायको: आहे.

नवरा: मग येतो मी.