नाव घातलेली भांडी

आणि वर मलाच विचारते, "बाबा, मेटाडोर दिवसभर हाय न आपल्यापाशी?" अहो, मेटाडोर आणली कोणी? मी! खाप्याहून पहाटे निघून शहरात, महाल पेठेत तिच्या दाराशी उभी केली कोणी? मीच! आणि कशाला? तर पोरीला आणि नातीला सामानासकट घरी न्यायला! जावई भिलाईला नोकरीला गेला आणि तिथंच दुसरा संसार मांडून बसला, तो आता काही येत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं… मग बापानं काय करायचं? मेटाडोर आणायची! आणि ही आमची देवकी म्हणते कशी, "सामान भरा बाबा. पण खाप्याले नाही जायचं. ज्याचं त्याले नेऊन द्यायचं हाय."

ज्याचं त्याला? तुम्हाला सांगतो, मला आधी उमजेचना. आपल्यात लग्नात आहेर कशाचा येतो? भांड्यांचा. आणि भांडं कोणी मुकं देतं का हो? नाव घालून देतं! पाण्याच्या गुंडावर नाव, परातीवर नाव, पोहे खायच्या बशीवरसुद्धा नाव! देवकीच्या लग्नात इतकं पितळ आलं की मांडवात पंगतीला जागा उरली नाही. मी छाती काढून फिरत होतो! आणि ही म्हणते, "हिंगण्याले कारखान्यात काम लागलं, मोटारीच्या तारा गुंडाळाचं. तिथंच एक खोली घेतली. दोन ताटं, एक तवा अन् भाताले जर्मनचा गंज, बस झालं. एवढं पितळ घासू कवा अन् पोरीले पाहू कवा?"

जर्मनचा गंज! पितळ सोडून ॲल्युमिनियमचं पातेलं! मी म्हटलं, "देवके, आहेर कोणी वापस करते काय वं?"

तर म्हणते, "मोडीत घातलं तर लोक म्हणतीन, देवकीनं आमचं नाव बाजारात नेलं. खाप्याले नेलं तर तुम्ही माळ्यावर टाकसान अन् माय घासत बसन. त्यापक्षा ज्याचं नाव, त्याच्या घरी."

गावात भावाभावांची भांडणं मिटवणारा माणूस मी… आणि मी? पहिली परात उचलून गाडीत ठेवली!

निघालो. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, हे विसरली असेल म्हणता? छे! प्रत्येक भांड्यात गुळाचा खडा!

पहिलं घर जरीपटक्याला, खापा सोडून शहरात आलेला माझा चुलतभाऊ गोविंदा. त्यानं दिली होती वाटी. एवढीशी वाटी, आणि नाव केवढं? 'श्री. गोविंदा रामाजी बोंदरे, मु. पो. खापा, यांजकडून सप्रेम भेट'… बाहेर मावेना म्हणून उरलेलं आतून घातलेलं! वरण वाढलं की मुक्काम पोस्ट बुडायचं. वाटी हातात घेऊन गोविंदा रडकुंडीला आला, "देवके, काई चुकलं काय वं माहं? वाटी लहान झाली काय?" तेवढ्यात आतून त्याची बायको, "घ्या न पटकन! भाचीचं लग्न आलं तोंडावर, नाव घासून टाकू!"

दुसरं घर इतवारीत, प्रयागबाई. माझी मेव्हणी. जीभ म्हणजे अडकित्ता! परात पाहिली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "अवो माय! नवऱ्यानं तुले टाकलं, अन् तू आमाले टाकून राहिली काय?"

मी काठी सावरली… आणि देवकी अशी शांत, जशी दूध आणायला आली, "टाकून नाही राहिली मावशी. तुमच्या परातीत वीस जणांची कणीक भिजते. आमी दोघीच हाओ."

प्रयागबाई आत गेली, कुंकू-नारळ घेऊन आली आणि उंबऱ्यावर अडली. ओटी भरायची तर कशी भरायची? नवरा आहे, आणि नाही. मी जमिनीकडे पाहिलं. बापानं दुसरीकडे कुठं पाहायचं, सांगा? तर देवकीनंच पदर पसरला, "ज्वारी घाला मावशी. पोट तं भराचंच हाय न."

तुम्हाला सांगतो, जिनं शेजारणीला कधी मीठ उसनं दिलं नाही, त्या प्रयागबाईनं पायलीभर ज्वारी ओतली आणि मोठ्यानं रडली. बाप्पा! अशी पोरगी माझ्या घरात वाढली आणि मला पत्ता नाही?

मग काय, बातमी आमच्या मेटाडोरीच्या पुढं पळायला लागली. भांडं खाली उतरलं की डाळ वर, कळशी खाली की सांडगे वर, मिरच्या, चिंच, कुरड्या… ड्रायव्हर म्हणतो, "काकाजी, गाडी खाली होऊन राहिली का भरून राहिली?" देवकी हसली, "सरणारं सामान चालते, भाऊ. उरणारं नाही पायजे."

शेवटी उरलं घंगाळ. माझं! तांब्याचं, दोन माणसांनी उचलायचं, 'भैयाजी बोंदरे, खापा', अक्षरं बोटाएवढी. मी मनात म्हटलं, बापाचं तर ठेवीलच. हिंगण्याला खोलीसमोर उतरलो. नात घंगाळात बसून हात वल्हवत नाव नाव खेळत होती. मी म्हटलं, "देवके, हे राहू दे. पडून राहीन कोपऱ्यात."

"कोपराच नाही बाबा."

आत डोकावलो. एका कोपऱ्यात चूल, एकात पाणी, एकात वळकटी, एकात नातीची शाळेची पेटी. खरंच नव्हता हो! तिनं नातीला उचललं, घंगाळात गुळाचा खडा ठेवला आणि माझ्या पाया पडली. म्हणाली, "भांड्यावर कायले पायजे तुमचं नाव? कारखान्यात सायबानं इचारलं, बाई, पूरं नाव सांगा. मी सांगतलं, देवकी भैयाजी बोंदरे."

…

मी घंगाळाची एक कडी धरली, ड्रायव्हरनं दुसरी.

घंगाळ घेऊन एकटाच खाप्याला आलो. दारात बायजाबाई, माझी बायको, "पोरगी कुठी हाय?" एका दमात सगळं सांगितलं. वाटलं, आता कपाळ बडवील. ती आत गेली, स्टुलावर चढली आणि फळीवरची स्वतःच्या लग्नातली भांडी एकेक करून खाली काढायला लागली. म्हणते, "जलम गेला माहा घासण्यात. मले काहून नाही सुचलं हे?"

तेव्हापासून चाललंय, ज्याचं नाव त्याच्या घरी. अख्खी फळी रिकामी झाली. मी जेवतो ते ताट तेवढं राहिलंय, ते मी हातातून सोडत नाही… त्यावर माझ्या मेव्हण्याचं नाव आहे, आणि मेव्हणा रविवारी जेवायला येणार आहे!